विंध्याचा दगड आणि मंगळावरचे डाग

उज्जैनमध्ये मंगळाचं जन्मस्थान आहे. क्षिप्रेच्या काठी, गावाच्या उत्तरेला मंगळनाथाचं देऊळ आहे आणि मंगळवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून लग्न अडलेल्या मुलामुलींचे आईवडील महाराष्ट्रातूनही मोठ्या संख्येने येतात. शिवलिंगाला शिजवलेल्या भाताचा लेप चढवला जातो, ती इथली प्रसिद्ध भातपूजा. मत्स्यपुराणाचा दाखला देऊन सांगतात ती कथा अशी: अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामाचा थेंब इथल्या भूमीवर पडला, भूमी दुभंगली आणि तांबड्या वर्णाचा मंगळ जन्माला आला. म्हणून तो भौम, भूमिपुत्र, धरणीचा मुलगा.

पृथ्वी आणि मंगळ यांचं रक्ताचं नातं आहे ही कल्पना आजच्या ग्रहविज्ञानाला अजिबात परकी नाही. फरक आहे तो दिशेत. मंगळ पृथ्वीतून निघाला नाही, पण मंगळाचे तुकडे पृथ्वीवर येत आले आहेत आणि त्यातला एक आपल्या देशात पडलेला आहे. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला आकाशातून सुमारे पाच किलोचा दगड पडला. इंग्रजांनी गावाचं नाव शेरगोटी असं लिहिलं आणि त्या नावानेच ही उल्का जगभर ओळखली जाते. तिच्या जातीच्या सगळ्या उल्कांना आज ‘शेरगोटाइट’ म्हणतात. ती मंगळावरची आहे हे मात्र कळायला शतकाहून अधिक काळ गेला. व्हायकिंग यानांनी 1976 मध्ये मंगळाची हवा जागेवर मोजली, आणि अंटार्क्टिकात सापडलेल्या एका शेरगोटाइटच्या काचेत अडकलेला वायू त्या मोजणीशी जुळल्याचं 1983 मध्ये दिसलं. एखाद्या लघुग्रहाच्या आघाताने मंगळाचा पृष्ठभाग फुटला, तुकडे अवकाशात उडाले, लाखो वर्षं भटकले आणि काही इथे येऊन पडले.

यात जीवसृष्टीचा प्रश्न कुठे येतो? मंगळावरून आलेली एएलएच 84001 ही उल्का प्रवासात आतून 40 अंश सेल्सिअसच्या वर तापलीच नव्हती, असं तिच्यातल्या चुंबकीय खुणांवरून 2000 मध्ये दाखवलं गेलं. उज्जैनचा मे महिना त्याहून कडक असतो. म्हणजे अशा दगडाच्या आत सूक्ष्मजीव असते तर निदान उष्णतेने तरी ते मेले नसते. सौरमालेच्या सुरुवातीच्या काळात असे आघात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होत होते. तेव्हा जीव आधी मंगळावर उगवला आणि तिथून इथे आला, किंवा उलट झालं, किंवा दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलं, किंवा फक्त इथेच घडलं, या चारही शक्यता खुल्या आहेत. त्यातली एक निवडायची असेल तर मंगळावर जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

याला आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. इथे जीव कधी सुरू झाला ते सांगणारे खडक बहुतेक उरलेलेच नाहीत. भूपट्ट सरकत राहिले, जुनं कवच खाली जाऊन वितळलं, उरलेलं दाबलं गेलं, भाजलं गेलं. मंगळावर तसं झालं नाही. जेझेरो विवरात साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या नदीचा त्रिभुज प्रदेश आजही ओळखू येतो. आपल्या घराण्याची पहिली पानं आपल्या वहीत नाहीत. शेजारच्या ग्रहावर निदान त्या काळची पानं शाबूत आहेत.

त्या पानांपैकी एका पानावर डाग सापडले आहेत. नासाचं पर्सिव्हरन्स हे रोव्हर 18 फेब्रुवारी 2021 रोजी जेझेरोत उतरलं. जुलै 2024 मध्ये ते नेरेत्वा व्हॅलिस या कोरड्या नदीपात्रात एका तांबूस खडकापाशी पोचलं. खडक साधारण एक मीटर लांब, त्याला चेयावा फॉल्स असं नाव दिलं गेलं. त्यावर फिकट ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याला काळसर कड. बिबट्याच्या कातडीवर असतात तसे. कडेच्या भागात व्हिव्हियानाइट म्हणजे लोहाचं फॉस्फेट आणि आतल्या भागात ग्रेगाइट म्हणजे लोहाचं सल्फाइड असल्याचं उपकरणांनी सुचवलं. खडकात सेंद्रिय कार्बनही होता. पृथ्वीवर दलदलीत, गाळात, जिथे काहीतरी कुजतं तिथे ही दोन खनिजं तयार होतात आणि त्यामागे बहुतेक वेळा सूक्ष्मजीव असतात: ते सेंद्रिय पदार्थ खातात आणि श्वसनासाठी लोह आणि गंधक वापरतात. जीवाशिवायही ही रसायनं घडू शकतात, पण मग सहसा उष्णता लागते आणि हा खडक फारसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत.

यावरचा शोधनिबंध सप्टेंबर 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात शब्द वापरले होते: संभाव्य जैवखूण. जीव सापडला, असं त्या शास्त्रज्ञांनी कुठेही म्हटलेलं नाही. खडकातला सफायर कॅनियन नावाचा एक नमुना कापून नळीत बंद करून ठेवला आहे आणि तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही, असं तेच सांगतात.

एवढा पुरावा हातात असताना एवढा संकोच का, असं अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर मला उज्जैनच्याच एका माणसाने शोधलेल्या गुहेत मिळालं.

*

विष्णु श्रीधर वाकणकर, हरिभाऊ. जन्म 1919, नीमचचा. कर्मभूमी उज्जैन. शिंद्यांच्या राज्यात वसलेल्या मराठी घरांमधून जी माणसं मोठी झाली त्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे. चित्रकार, मुद्राशास्त्रज्ञ, उत्खनक आणि आयुष्यभर पायी हिंडणारा माणूस. 1957 मध्ये रेल्वेने जाताना खिडकीतून त्यांना डोंगरावर काही विलक्षण आकाराच्या शिळा दिसल्या आणि ते तिकडे चढून गेले. ते भीमबेटका. शेकडो शैलाश्रय, त्यातल्या कितीतरींच्या भिंतींवर रंगवलेली हरणं, रानरेडे, शिकारी, नाचणारी माणसं. 1975 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारसा झालं. उज्जैनजवळचं कायथा हे ताम्रपाषाणयुगातलं स्थळही त्यांनीच 1964 मध्ये शोधलं. परंपरा त्याच गावाला वराहमिहिराचं गाव मानते. आकाश मोजणारा आणि जमीन वाचणारा, दोघेही एकाच मातीतले निघावेत याचं मला फार अप्रूप वाटतं.

भीमबेटक्याच्या शिळा विंध्य समूहाच्या वालुकाश्माच्या आहेत. उज्जैन स्वतः काळ्या दगडावर आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच थरावर. पूर्वेकडे हा लाव्हा संपतो आणि त्याच्याखालचा विंध्याचा जुना गाळखडक उघडा पडतो. तो किती जुना यावर शंभरेक वर्षं वाद चालला, कारण त्यात ओळखता येतील असे जीवाश्म हाती लागत नव्हते.

मार्च 2020 मध्ये दिल्लीत 36 वी आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषद भरायची होती. करोनामुळे ती लांबली, पण त्यानिमित्त आलेले काही भूवैज्ञानिक भीमबेटक्याला गेले. तिथल्या सर्वांत प्रसिद्ध अशा, सभागृहासारख्या मोठ्या गुहेत, जमिनीपासून साधारण अकरा फुटांवर त्यांना एक ठसा दिसला. लांबट गोल, पानासारखा, मधे शीर आणि दोन्ही बाजूंना समांतर पट्ट्या. डिकिन्सोनिया! हा प्राणी सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर पसरलेला असे; ऑस्ट्रेलियाच्या एडिआकारा टेकड्यांमध्ये रेग स्प्रिग यांनी 1946 साली या काळच्या जीवांचे ठसे शोधले होते. रशियात सापडलेल्या डिकिन्सोनियाच्या अवशेषात 2018 मध्ये कोलेस्टेरॉलचे अंश मिळाले आणि तो खरोखर प्राणीच होता हे ठरलं. पृथ्वीवर पहिल्यांदा मोठ्या आकाराचे प्राणी कसे आले त्या कथेतलं हे पहिलं नाव. ते भारतात प्रथमच सापडल्याचा निबंध 2021 मध्ये ‘गोंडवाना रिसर्च’ या नामांकित नियतकालिकात आला. लेखकांत अमेरिकेतले ज्येष्ठ पुराजीवशास्त्रज्ञ ग्रेगरी रिटॅलॅक होते. भारतभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी झळकली. आदिमानवाच्या चित्रांच्या छतावर आदिप्राण्याचा ठसा, याहून सुंदर योग तो कुठला?

ठसा खरा असता तर त्याचे परिणाम मोठे होते. विंध्याचा वरचा थर 55 कोटी वर्षांचा ठरला असता, त्या काळी भारतीय भूखंड कुठे होता याचे नकाशे बदलले असते.

डिसेंबर 2022 मध्ये दुसरा गट तिथे गेला. फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट, त्यांचे विद्यार्थी आणि जयपूरचे भूवैज्ञानिक मनोज पंडित. मीर्ट विंध्यावर अनेक वर्षं काम करत होते आणि त्यांच्या हिशेबाने हा खडक सुमारे शंभर कोटी वर्षांचा, म्हणजे डिकिन्सोनियाला फारच जुना होता. त्यांनी ठसा जवळून पाहिला तर तो सुकून दगडापासून सुटू लागला होता. दगडातला जीवाश्म दोन-अडीच वर्षांत सोलून निघत नाही. आजूबाजूला पाहिलं तर त्याच छतांना आग्यामोहोळं लागलेली होती आणि उठून गेलेल्या पोळ्यांचे अवशेष हुबेहूब त्या ठशासारखे दिसत होते. रासायनिक तपासणीतही मेणच निघालं. 2023 च्या सुरुवातीला हे प्रसिद्ध झालं आणि रिटॅलॅक यांनी चूक उघडपणे मान्य केली. नवा पुरावा समोर आल्यावर चूक कबूल करणं विज्ञानात विरळा असलं तरी आवश्यक आहे, अशा अर्थाचं ते बोलले. मला या प्रकरणात त्यांचं हे वागणं फार मोलाचं वाटतं.

या गोष्टीत जीव नव्हता असं नाही. जीव होताच, आग्या माशीचा, आजचा. आकार ओळखण्यात तज्ज्ञ चुकले, कारण दोन्हीकडे समांतर पट्ट्या होत्या, दोन्हीकडे सममिती होती. खऱ्याखोट्याचा निवाडा आकाराने झाला नाही. तो झाला आजूबाजूच्या पाहणीने, पदार्थ तपासल्याने आणि काळाच्या कसोटीने: 55 कोटी वर्षं टिकायला हवं ते तीन वर्षंही टिकलं नाही. हे भीमबेटक्यात शक्य झालं, कारण तिथे दुसऱ्या गटाला विमानाचं तिकीट काढून जाता आलं. चेयावा फॉल्सपाशी दुसरा गट जाऊ शकत नाही.

*

याच विंध्याच्या दगडाने नेमका उलटा धडाही दिला आहे.

डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतले रफत जमाल आझमी यांनी 1998 मध्ये खालच्या विंध्यातून कवचधारी सूक्ष्म प्राण्यांचे अवशेष मिळाल्याचं जाहीर केलं. असे प्राणी सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. मग विंध्याचा खालचा थरही एवढा अलीकडचा की काय, अशी खळबळ उडाली. त्या काळी भारतीय पुराजीवशास्त्राचं नाव आधीच डागाळलेलं होतं. पंजाब विद्यापीठातल्या व्ही. जे. गुप्ता यांनी परदेशी जीवाश्म हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं खपवल्याचं 1989 मध्ये उघड झालं होतं. त्याची सावली आझमींवर पडली. भारतीय भूविज्ञान संस्थेच्या सदस्यांनी त्यांनी सांगितलेल्या जागी जाऊन पाहिलं. त्यांना तसे अवशेष मिळाले नाहीत. आझमींकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. पुढे 2002 मध्ये या थरातल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉन स्फटिक मोजले गेले आणि वय निघालं सुमारे 160 कोटी वर्षं. एवढ्या जुन्या खडकात कवचधारी प्राणी असणं शक्यच नव्हतं. आझमींचा विषय संपल्यासारखा झाला.

संपला नव्हता. स्टॉकहोमच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले स्टेफान बेंगट्सन यांनी स्वतः चित्रकूटला जाऊन नमुने गोळा केले. मध्य प्रदेशच्या बाजूला जानकीकुंड परिसरात फॉस्फेटचा थर उघडा आहे, तिथले. त्यांच्या 2009 च्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की वादातले जीवाश्म खरे आहेत, फक्त ते आझमी म्हणत होते त्यापेक्षा शंभर कोटी वर्षांनी जुने आहेत. ते प्राणी नव्हते. सूक्ष्मजीवांच्या तंतूंचे, थरांचे आणि काही ठिकाणी वायूच्या बुडबुड्यांचे अवशेष होते. मग बेंगट्सन यांच्या गटाने तेच खडक सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखाली धरले आणि पेशीच्या आतली रचना त्रिमितीत पाहिली. 2017 मध्ये त्यांनी जाहीर केलं: हे तांबड्या शैवालांसारखे बहुपेशीय जीव आहेत, 160 कोटी वर्षांचे. तोवर सर्वांत जुनं मानलं गेलेलं तांबडं शैवाल सुमारे 120 कोटी वर्षांचं होतं. म्हणजे हिरव्या झाडांच्या भाऊबंद वंशाचा तोवरचा सर्वांत जुना साक्षीदार चित्रकूटच्या दगडात होता.

बेंगट्सन यांनी त्यातल्या एका जीवाला नाव दिलं रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस. रफत आझमींचं नाव. दुसऱ्याला रामाथॅलस, रामाच्या नावाने.

भीमबेटका आणि चित्रकूट या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. एकीकडे प्रतिष्ठित नावाचा दावा सगळ्यांनी डोक्यावर घेतला आणि तो मेण निघाला. दुसरीकडे संशयाने बाजूला सारलेल्या माणसाच्या हातात सोनं होतं, पण त्याने त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. दोन्ही वेळा सत्य कुणाच्या प्रतिष्ठेवरून ठरलं नाही. कुणीतरी पुन्हा त्या जागी गेलं, म्हणून ठरलं. विज्ञानात शोध लावणाऱ्याचं नाव राहतं. पुन्हा जाऊन पाहणाऱ्याला आपण तेवढा मान देत नाही आणि तो द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

धार जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. उज्जैनपासून ते फार दूर नाही. नर्मदेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना नांगरताना मिळणारे तळहातात मावतील असे गोल दगड काही घरांत ‘काकड भैरव’ म्हणून पुजले जात होते; शेताचं आणि गुराढोरांचं रक्षण करणारा देव. तज्ज्ञांनी पाहिल्यावर ती टायटानोसॉर डायनासोरची अंडी निघाली. 2023 मध्येच या भागातल्या 92 घरट्यांचा आणि 256 अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जीवाच्या खुणेसमोर पिढ्यान् पिढ्या हात जोडले जात होते आणि ती जीवाची खूण आहे हे कुणाला माहीत नव्हतं. मंगळावर आपलंही असंच होऊ शकतं, ही भीती खोटी नाही. व्हायकिंगच्या वेळी कदाचित तसंच झालं. 1976 मध्ये मंगळाच्या मातीला पोषक द्रव टाकल्यावर वायू बाहेर पडला. गिल्बर्ट लेव्हिन तो जीवाचा पुरावा आहे असं अखेरपर्यंत सांगत राहिले. पण दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थच दिसले नाहीत, म्हणून बहुतेकांनी निकाल ‘नाही’ असा दिला. 2008 मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट मिळालं. माती तापवून तपासण्याच्या त्या पद्धतीत परक्लोरेट सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं. त्यामुळे तो ‘नाही’सुद्धा डळमळीत झाला.

*

उज्जैनच्या वेधशाळेत जाऊन उभं राहिलं की हे सगळं वेगळ्या अंगाने समजतं. सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ती क्षिप्रेजवळ बांधली. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा उज्जैनवरून जात असे, ग्रहगणिताचं शून्य इथलं. जयसिंहाने दगड-चुन्याची एवढी अवाढव्य यंत्रं का उभारली? कारण जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहांची जागा आणि आकाशात दिसणारी जागा जुळत नव्हती. लहान पितळी यंत्रं झिजत होती, त्यांची मापं चुकत होती. त्याने कोष्टकांची प्रतिष्ठा मानली नाही, स्वतः वेध घ्यायला लागला. पुढे वेधशाळा मोडकळीस आली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी करवली आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. महाराष्ट्रात केरूनाना छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांनी पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे म्हणून जो आग्रह धरला होता, त्याच घराण्यातलं आपट्यांचं काम. वाकणकरांनी कर्कवृत्ताचं ठिकाण म्हणून ज्या डोंगल्याकडे लक्ष वेधलं तिथेही आता वेधशाळा आहे. इथे आकाशाबद्दल काहीही म्हणायचं तर ते तपासून म्हणायचं, ही सवय तीन शतकं टिकली.

मराठी माणसाने या सवयीने परग्रहावरच्या जीवाचाही एक वेध घेतलेला आहे. जयंत नारळीकरांचं 20 मे 2025 रोजी पुण्यात निधन झालं. त्यांच्यावरच्या लेखांत विश्वरचना, आयुका आणि विज्ञानकथा यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं. बलूनच्या प्रयोगाबद्दल त्या मानाने थोडं. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की जीवाणू अवकाशातून पृथ्वीवर सतत पडत असतात. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. नारळीकर हॉइल यांचे शिष्य. पण त्यांनी वाद घालत बसण्यापेक्षा वर जाऊन हवा आणायची ठरवली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या बलून केंद्रावरून 2001 मध्ये आणि पुन्हा 20 एप्रिल 2005 रोजी बलून सोडलं गेलं. दुसऱ्या खेपेला 459 किलोचं सामान होतं, द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या, निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या. 20 ते 41 किलोमीटर उंचीवर त्या उघडल्या, हवा भरली, बंद केल्या. नमुने दोन ठिकाणी वाटले: हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रात (सीसीएमबी) एस. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे. दोन्ही प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे काम केलं. 12 जीवाणूंच्या आणि 6 बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यातल्या तीन जाती नव्या होत्या आणि अतिनील किरणांपुढे जवळच्या जातींपेक्षा जास्त तग धरणाऱ्या होत्या. 2009 मध्ये इस्रोने निवेदन काढून त्यांची नावं जाहीर केली: जानिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय.

आणि तरीही इस्रोने त्याच निवेदनात म्हटलं की यावरून हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं निर्णायकपणे सिद्ध होत नाही. ते खरंच होतं. पुढे आर्यभट्टाचं नाव मिळालेला जीवाणू जमिनीतल्या मुळांजवळही अनेक ठिकाणी सापडला. पृथ्वीवरचाच जीव एवढ्या उंचीवर कसा गेला हा प्रश्न उरतो आणि तो स्वतः लहान नाही. नारळीकरांना हवं ते उत्तर मिळालं नाही, पण दोन शहरांतल्या दोन प्रयोगशाळांना एकमेकांवर पहारा ठेवायला लावणारी त्यांची मांडणी आजही आदर्श म्हणून शिकवण्यासारखी आहे. हव्या त्या उत्तराच्या मोहात न पडता प्रयोग आखणं किती अवघड असतं हे प्रयोग करणाऱ्यालाच कळतं.

बाहेरच्या जगाकडे पाहिलं तरी चित्र हेच. 1996 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी ज्या एएलएच 84001 बद्दल देशाला उद्देशून निवेदन केलं, तिच्यातल्या जिवाणूसदृश आकारांचं जीवाशिवायचं स्पष्टीकरण पुढे मिळत गेलं. 2020 मध्ये शुक्रावर फॉस्फीन हा जीवाची खूण ठरू शकणारा वायू दिसल्याचं जाहीर झालं, मग त्याच्या प्रमाणाचा आकडा कमी करावा लागला आणि वाद अजून चालू आहे. 124 प्रकाशवर्षं दूरच्या के 2-18 बी ग्रहावर सागरी शैवालांशी संबंधित वायूची खूण दिसल्याचं निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं. इतरांनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासली तेव्हा ती खूण पक्की ठरली नाही. ग्रीनलंडमधल्या 370 कोटी वर्षांच्या खडकात जीवाचे थर असल्याचा 2016 चा दावा दोन वर्षांत अॅबिगेल ऑलवुड यांनी जागेवर जाऊन मोडून काढला: ते आकार खडक दाबला गेल्याने बनले होते, असं त्यांनी दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या 343 कोटी वर्षांच्या सूक्ष्मजीव थरांचा अभ्यास त्यांनीच केला होता. आणि पर्सिव्हरन्सवरचं जे क्ष-किरण उपकरण चेयावा फॉल्सच्या डागांवर फिरलं, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली घडलं. पृथ्वीवरच्या खोट्या खुणा ओळखायला शिकलेल्या माणसांनी मंगळासाठीचे डोळे बनवले आहेत. म्हणून ‘नेचर’मधला तो निबंध एवढा जपून लिहिलेला आहे, आणि म्हणूनच माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

नासाने 2021 मध्ये अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची एक शिडी सुचवली. पहिली पायरी, खूण दिसणं. दुसरी, ती आपणच नेलेल्या घाणीमुळे नाही ना हे पाहणं. पुढे जीवाशिवायची सगळी कारणं एकेक करून बाद करणं, स्वतंत्र दुसरा पुरावा मिळवणं, आणि शेवटी स्वतंत्र पाठपुराव्याच्या निरीक्षणांत जीवाचं अपेक्षित वर्तन दिसणं. चेयावा फॉल्स अजून खालच्याच पायऱ्यांवर आहे.

वर चढायचं तर नळी हवी. त्यातल्या लोहाची आणि गंधकाची समस्थानिकं मोजायला हवीत, कारण जीव हलकी समस्थानिकं आधी उचलतो आणि मागे विशिष्ट प्रमाण सोडतो. सेंद्रिय कार्बनच्या रेणूंची रचना पाहायला हवी. हे काम रोव्हरच्या आवाक्यातलं नाही. पण नमुने परत आणण्याची नासाची मोहीम खर्चाच्या अंदाजावर अडकली. 2024 मध्ये तो अकरा अब्ज डॉलरवर गेला होता. चीनची तियानवेन-3 मोहीम 2028 च्या सुमारास निघून 2031 च्या आसपास मंगळाची माती आणणार आहे, पण ती वेगळ्या जागेची. सफायर कॅनियनची नळी कधी येणार याला आज तारीख नाही.

मंगळावरून येणारा पहिला नमुना कुणीही आणला तरी त्याचा तुकडा भारताने मागितला पाहिजे, आणि मागणी आताच नोंदवली पाहिजे. आपली पात्रता आहे. अपोलोने चंद्रावरून आणलेल्या दगडांवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने काम केलं, पुढे ती परंपरा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत वाढली. शेरगोटीचा मुख्य तुकडा कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. पुण्यात आणि हैदराबादेत एकमेकांना न विचारता एकच नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आणि चित्रकूटचा दगड हातात धरून तो खरा की खोटा यावर पंधरा-वीस वर्षं घालवलेली माणसंही याच देशातली आहेत. त्यांच्यापुढे ती नळी ठेवली जावी आणि त्यांनी तिच्यातल्या जीवाचा दावा मोडून काढण्याचा मनापासून प्रयत्न करावा.